आधी चष्मा द्या



बँकेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला एक सवय जडते. मोलाची वस्तू दिसली की ती कुलपात ठेवावी, असे त्याला वाटते. या सवयीपायी गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक घडली. अशी चूक पुष्कळ घरांत चांगल्या हेतूनेच घडते, म्हणून ती येथे सांगतो.

माझे थोरले बंधू ७९ वर्षांचे आहेत. वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदर येथे त्यांनी अनेक वर्षे किराणा दुकान चालवले. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. रुग्णालयात वस्तू गहाळ होतात, या विचाराने मी दादांचा चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी रुमालात बांधून घरी आणली व कपाटात ठेवली.

दुसऱ्या रात्री पुतण्याचा फोन आला. दादा पलंगावरून उतरू पाहत होते. होड्या बंदराला लागल्या, गिऱ्हाईक खोळंबले, शटर उघडा, असा त्यांचा धोशा चालला होता. चादरीची टोके ते अशी दुमडत होते, जणू साखरेच्या पुड्या बांधत आहेत. मला त्यांनी ओळखले नाही. सलाइनची नळी उपसल्यामुळे अखेर त्यांचे हात बांधावे लागले. कोणी म्हणाले वात झाला, कोणी म्हणाले भूल मेंदूत भिनली. वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, यांना वेड तर लागले नाही ना?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पहाटे फेरीवर आलेल्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "यांचा चष्मा कुठे आहे?"

त्यांनी समजावले ते असे. या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. शरीरावरील ताणाने मेंदूचा तोल काही काळ ढळतो. ती अचानक सुरू होते, दिवसभरात कमीजास्त होते आणि बहुधा रात्री बळावते. काही रुग्ण आरडाओरडा करत नाहीत, उलट गप्प आणि सुस्त पडून राहतात. आपण समजतो विश्रांती चालली आहे, आणि खरा आजार नजरेतून निसटतो. ज्यांना हा भ्रम होतो, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही अधिक आढळते. म्हणून 'उतरेल आपोआप' म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचून काढले. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनोये व सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी सहा कारणांवर लक्ष दिले: आधीपासूनची मंदावलेली स्मृती, झोपमोड, पडून राहणे, कमी दिसणे, कमी ऐकू येणे आणि शरीरातील पाणी कमी होणे. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला. या सहा गोष्टी सांभाळल्या तेथे ९.९ टक्क्यांना. मात्र एकदा भ्रम सुरू झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी विशेष कमी झाली नाही. म्हणजे करायचे ते आधीच करायला हवे.

शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबतही असाच अनुभव आहे. तैवानमध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ३७७ ज्येष्ठांवरील प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेने रोज तीनच गोष्टी केल्या: रुग्णाशी बोलून त्याला स्थळकाळाचे भान देणे, तोंडाची स्वच्छता राखून खाण्यास मदत करणे आणि लवकर चालवणे. भ्रमाचे प्रमाण १५.१ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आले. यात एकही महागडे औषध नव्हते. हा ताळेबंद वाचताना मला त्या रुमालातील तीन वस्तू आठवत राहिल्या.

आपल्या समाजाशी निगडित एक मुद्दा आहे. आपले वडीलधारे चौविहाराचा नियम रुग्णालयातही सोडू इच्छित नाहीत. पाणी कमी पडणे हे तर सहा कारणांपैकी एक. प्रत्याख्यानात अशा प्रसंगांसाठी आगार सांगितलेले आहेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरताच महाराजसाहेबांशी आणि डॉक्टरांशी बोलून घ्यावे. ऐनवेळी रुग्णाशी वाद घालू नये.

दाखल होण्यापूर्वी चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, घड्याळ व दिनदर्शिका यांची पिशवी भरावी. चालू औषधांची, विशेषतः झोपेच्या गोळ्यांची, पूर्ण यादी डॉक्टरांना द्यावी. काही गोळ्या हा भ्रम वाढवतात, पण त्या स्वतःहून बंद करू नयेत. शुद्धीवर येताच चष्मा व श्रवणयंत्र लावावे. दिवसा पडदे उघडावेत, रात्री दिवे व मोबाइल मंद ठेवावेत. डॉक्टरांच्या परवानगीने लवकर बसवावे, चालवावे. घरचे एक माणूस जवळ असावे आणि त्याने वारंवार सांगावे की आज अमुक वार आहे, आपण रुग्णालयात आहोत, शस्त्रक्रिया झाली आहे. वागण्यात अचानक बदल दिसला, अगदी गप्पपणाही, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

मी त्याच सकाळी कपाट उघडून वस्तू घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी पाचूबंदरहून दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक कोळी आजी भेटीस आल्या. त्यांनी दादांचा हात धरून दुकान बंद असल्याचे व कोणीही खोळंबले नसल्याचे निक्षून सांगितले. दादांनी त्यांना नावाने हाक मारली. पूर्ण भानावर यायला मात्र आणखी चार दिवस गेले, आणि बांधलेल्या हातांची आठवण त्यांना अजूनही आहे.

त्या चार दिवसांचे देणे माझ्या खाती लिहिलेले आहे. आपल्या घरी ही वेळ आली, तर रुग्णाचा चष्मा कपाटात ठेवू नका.