शुभेच्छा हातच्या असाव्यात

डेन्मार्कच्या टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप बंद केले आणि चारशे वर्षांची परंपरा संपुष्टात आली. आपल्या देशातही त्याच वर्षी रजिस्टर पोस्टाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. आपला पोस्टमन अद्याप दारी येतो. परंतु त्याच्या थैलीतून नाताळची आणि दिवाळीची शुभेच्छापत्रे जवळजवळ नाहीशी झाली आहेत. याचा दोष मोबाइलला दिला जातो. आम्हांला हे निदान अपुरे वाटते.

छापील नाताळपत्राचा जन्मच मुळी वेळ वाचविण्यासाठी झाला. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना साऱ्या स्नेह्यांना स्वतंत्र पत्रे लिहिण्यास सवड नव्हती. त्यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. मजकूर सर्वांना एकच. नाव तेवढे हाताने लिहायचे. आपल्याकडे १९७९ साली दिल्लीत ‘आर्चीज’ सुरू झाले आणि पुढे तयार भावना गावोगावच्या दुकानांत मिळू लागल्या. सोय हाच ज्याचा पाया, त्याला अधिक सोयीचे साधन येताच माघार घ्यावी लागली, यात नवल नाही. एकच चित्र पन्नास जणांना मोबाइलवरून धाडणे हे कोल यांच्याच युक्तीचे पुढचे पाऊल होय. हाताने घडविलेले शुभेच्छापत्र मात्र या स्पर्धेत नाही. ते एकाच व्यक्तीसाठी असते आणि त्यात खर्ची पडलेला वेळ हीच खरी भेट असते.

या छंदाला पाचगणीसारख्या गावी मोठा वाव आहे. सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट (१८९५), किमिन्स (१८९८), संजीवन विद्यालय (१९२२) अशा निवासी शाळांचे हे गाव. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना पत्राचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय मुसळधार पावसाच्या दिवसांत मैदान सुटते, तेव्हा हातांना काम हवेच असते.

साहित्य फारसे लागत नाही. सिल्व्हर ओकची गळलेली पाने उन्हाळ्यातच जाड पुस्तकात दाबून वाळवावीत. पावसाळी दमट हवेत त्यांना बुरशी येते. पठारावरील रानफुले मात्र तोडू नयेत. १९४० साली पुण्यात स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून कागद करण्याची वाट दाखविली. असा कागद मिळाल्यास उत्तम. जाड कागद दुमडण्यापूर्वी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी, म्हणजे घडी सरळ बसते. डिंक पातळ लावून पत्र वजनाखाली ठेवावे, अन्यथा कागद वाकतो.

एक धोका मात्र ध्यानी घ्यावयास हवा. चमकी, प्लॅस्टिकची फुले आणि तयार संच विकत आणून चिकटविले, की छंदाची खरेदी होते. वर्गातील चाळीस मुलांनी फळ्यावरील एकाच नमुन्याबरहुकूम चाळीस पत्रे केली, तर तोही छापखानाच झाला. मुलाला प्रथम विचारावे, ‘हे तू कोणासाठी करतोस?’ क्षयरुग्णांचे आरोग्यधाम म्हणून सुरू झालेले बेल-एअर रुग्णालय याच पाचगणीत आहे. आजीपासून अशा रुग्णालयातील अनोळखी रुग्णापर्यंत, वाट पाहणारे कोणी ना कोणी असतेच.

येत्या नाताळला प्रत्येक घरातून असे एक तरी पत्र निघावे. पन्नास नकोत, एकच पुरे, पण ते एकासाठीच असावे.