येतो म्हणून आलेली माणसं

आमच्या घरी निघताना कुणी चुकून 'जातो' म्हणालं, की आई त्याला उंबऱ्यातच अडवायची. "जातो म्हणू नये रे, येतो म्हण." शेजारच्या कानडी घरात तेच 'होगि बर्तीनि' व्हायचं, म्हणजे जाऊन येतो. दोन्ही कानांवर पडतच आपण सगळे वाढलो, त्यामुळे त्या शब्दाकडे कधी निरखून पाहिलं नाही. त्याचं ओझं मला कळलं ते २०२२ च्या डिसेंबरात, तेही अंदमानातल्या एका बेटावर.

त्या बेटाचं नाव शहीद द्वीप. २०१८ साली नाव बदललं, पण बोटवाल्यांच्या तोंडी अजून 'नील'च आहे. भूगोलाची चौदा मुलं-मुली, मी आणि एक सहकारी. सहा दिवस मुक्काम, आणि विषय विहिरी. समुद्र बघायला जाऊन विहिरी कसल्या मोजता, असं घरी सगळ्यांनी विचारलं. पण बेटाचा जीव असतो विहिरीत. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर ते एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं, असा ढोबळ हिशेब आहे. हाच हिशेब उलटाही चालतो. उपसून वरची पातळी एक मीटर उतरली, की खालून खारं पाणी कितीतरी वर चढू पाहतं. तिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या खानापूरच्या पश्चिमेकडच्या माणसाला त्याचं कौतुक वाटणार नाही. पण तिथे ना धरण, ना मलप्रभा.

मुलं टीडीएस मीटर आणि दोरी घेऊन घरोघर फिरली. गावांची नावं सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर, भरतपूर. वस्ती बहुतेक बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आणून वसवलेल्या कुटुंबांची. भाजीचे मळे आणि केळी बघून आमची शेतकऱ्यांची पोरं लगेच तिथली झाली. एका म्हातारीच्या परसातली विहीर आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ मोजत होतो. मराठी मुलं तिला 'आजी' म्हणत, कानडी मुलं 'अज्जी'. तिला दोन्हीत फरक जाणवला नाही, आणि खरं तर आहेही कुठे? ती मुलांना मुरमुरे द्यायची, बंगाली वळणाच्या हिंदीत रागवायची. दोरी विहिरीच्या काठाला घासू नका, चप्पल काढा. मुलं गपचूप ऐकायची. माझं एवढं कधी ऐकत नाहीत.

शेवटच्या दिवशी एका मुलाच्या खिशात प्रवाळाचा तुकडा सापडला. तो मी परत किनाऱ्यावर ठेवायला लावला. प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे, मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. बेटावरून काही न्यायचं नसतं, यावर जेटीकडे निघण्यापूर्वी मी छोटंसं भाषणही ठोकलं. म्हातारी दारात उभी राहून ऐकत होती. भाषण संपल्यावर माझ्या हातातल्या वहीकडे बोट दाखवून म्हणाली, "माप के सब जाता है. बताता कोई नहीं."

आमच्या आधीही कोणी कोणी येऊन गेले होते. पाणी मोजलं, माती नेली, नाव-वय लिहून घेतलं. त्यातून निघालं काय, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी गप्प. आकडे तर मीही घेऊन निघाले होते, आणि ते परत किनाऱ्यावर ठेवता येणार नव्हते.

मुलांनी पाया पडून निरोप घेतला. "येतो की ओ आजी," एकजण म्हणाला. "होगि बर्तीवि अज्जी," दुसरीकडून आलं. तिने अर्थ विचारला. मी सांगितल्यावर ती हसली. त्यांच्यातही 'जाई' म्हणत नाहीत, 'आशि' म्हणतात. येते. "तो आना," ती म्हणाली. आई म्हणायची त्यात हुकूम नसायचा. या बाईच्या बोलण्यात तो होता.

बेळगावला परतल्यावर अहवाल झाला, बांधणी झाली, गुण दिले आणि तो कपाटात गेला. कपाटात आधीच्या सहलींचे अहवाल होते: कोकणातल्या एका खाडीचा, घाटाखालच्या एका गावाचा. त्यातला एकही त्या गावी पाठवलेला नव्हता. मला उणीव म्हणून कधी जाणवलंही नव्हतं. फेब्रुवारीत एका मुलीने विचारलं, "मॅडम, आजीला कळवलं?" तेव्हा लाज वाटली. मग तिनेच एका कागदावर हिंदीत सगळ्या विहिरी मांडल्या, घरमालकाचं नाव, पाण्याची पातळी, खारटपणा. इंग्रजी शब्द काढून टाकताना आमचंच काय काय अडलं ते वेगळं सांगायला नको. कागद टपालाने गेला.

महिनाभराने नातवाला फोन केला. कागद पोचला होता, शेजारीपाजारी वाचून झाला होता. आजीने निरोपही ठेवला होता. डिसेंबरात विहिरी गोडच असतात, पाऊस नुकताच संपलेला असतो, हे कागद वाचायच्या आधीही तिला ठाऊक होतं. पाणी मोजायचं तर एप्रिलात यायचं, तेव्हा चव बदलते. तुम्ही येतो म्हणाला होतात ना?

एप्रिलात आमच्या परीक्षा असतात. हे नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "आजीला तुम्हीच सांगा," आणि फोन तिच्या हातात दिला.