काटा बंद पडला, तर आधी केबल पाहा

आपल्या वस्त्यांमधून अजूनही एखाद्या घरापुढे जुनी चेतक उभी दिसते. 1972 साली बाजारात आलेली ही स्कूटर कित्येकांच्या घरातली पहिली गाडी होती. 2009 साली बजाजने स्कूटरचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. 2020 मध्ये याच नावाची विजेवर चालणारी गाडी आली, पण ती निराळी. जुनी चेतक विकायला मन होत नाही. इंजिन धडधाकट असते, मीटरचा काटा मात्र शून्यावर झोपलेला असतो. "गाडी चालते ना? मग काट्याचे काय अडले?" असे म्हणून आपण वर्षे काढतो.

मी पेशाने कारकून. मला विचाराल, तर बंद मीटरची गाडी म्हणजे खातेवही नसलेले दुकान. समजा, गेल्या महिन्यात चार लिटर पेट्रोलमध्ये गाडी 180 किलोमीटर गेली आणि या महिन्यात 140 च गेली. म्हणजे प्लग, कार्बोरेटर किंवा घासणारा ब्रेक, कुठेतरी पैसा गळतो आहे. मीटर बंद असेल तर ही गळती कळणार कशी? शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणेही वाहनावर वेगदर्शक हवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

काटा बंद दिसला की कोणी सरळ नवा मीटर बसवायला सांगतो. घाई करू नका. आधी किलोमीटरचे आकडे पाहा. आकडे पुढे सरकतात आणि काटा तेवढा हलत नाही, तर केबल शाबूत आहे. दोष मीटरमध्ये आहे. आकडे आणि काटा दोन्ही थांबले असतील, तर बहुधा केबल तुटलेली असते किंवा पुढच्या चाकाजवळच्या छोट्या पिनियनचे दात झिजलेले असतात. काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी मुडपली आहे.

आता काम. गाडी स्टँडवर लावा. घरातल्या कुणाला तरी मागची बाजू दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. हँडलवरचे झाकण सोडवून मीटरखालची केबलची चकती फिरवून काढा. चाक हाताने पुढे फिरवा. आतल्या तारेचे टोक फिरले, तर तार आणि पिनियन ठीक आहेत. नाही फिरले, तर खालचे टोकही सोडवा, तार ओढून काढा आणि पिनियन तपासा.

तार सपाट फरशीवर ठेवून बोटांनी गोल फिरवा. ती उड्या मारू लागली, तर वाकली आहे असे समजा आणि बदला. दुकानात जाताना जुनी तार सोबत न्या. लांबी आणि दोन्ही टोके जुळवूनच नवी घ्या. बाहेरचे आवरण चांगले असेल, तर तेच ठेवा. नव्या तारेला पातळ ग्रीसचा हलका हात द्या, पण वरची चार-पाच इंच कोरडी ठेवा. नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरते. चकती हातानेच घट्ट करा. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. केबल कुठे ताणली जाता कामा नये.

पान्हा, स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड, एवढ्यावर काम होते. मात्र मागची बाजू दाबायला मुलगी आणि पान्हा धरायला मुलगा, अशी वाटणी करू नका. मुलीच्याही हाती पान्हा द्या. आणि काटा हलला की त्याच दिवशी मीटरचा आकडा वहीत लिहा, शेजारी पेट्रोलचे लिटर लिहा. महिनाअखेर भागाकार घरातल्या मुलांना करू द्या.