फवारणाऱ्याचा देह कोण तपासणार?

द्राक्षांवरील केवडा आवरण्यासाठी मॅन्कोझेब फवारतात. त्यापासून होणारे इथिलीन थायोयुरिया कंठग्रंथीस अपायकारक आहे. युरोपीय संघाने २०२० साली मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालविण्याचे नाकारले. वाचकहो, परदेशी जाणाऱ्या द्राक्षातील विषाचा अंश मोजला जातो. पाठीवर पंप वाहणाऱ्या भूमिहीन मजुराच्या देहातील अंश कोण मोजतो? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत बुरशीनाशकेही येतात. त्यांत वैद्यकीय तपासणी व संरक्षक पोशाख सांगितला आहे. ती मालकाची दया नव्हे, मजुराचा हक्क होय. तथागतांनी उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापारही आहे. म्हणून गावोगावी संघटित होऊन ठणकावून सांगा: आधी पोशाख व तपासणी, मगच फवारणी.