रस्त्याची रुंदी ठरावात लिहा

डिचोली तालुक्यातली लाटंबार्से ही महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्याला खेटून असलेली पंचायत. लाडफे, कासारपाल, नानोडा, वडावल असे दूरदूर पसरलेले वाडे, मधून काजूच्या बागायती, सखल भागात भातशेती आणि कुळागरे. या सगळ्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवरून गावचा माणूस चालतो, सीमेपलीकडून गोव्यात कामाला येणारा दुचाकीस्वार धावतो आणि चिरे-खडीचे ट्रकही जातात. अशा पंचायतीच्या बैठकीत जमिनीचे विषय एका फाइलमधून येतात आणि रस्त्याचे दुसऱ्या. बांधकाम परवाना, गोदाम, भूखंड पाडून विक्री यांवर ठराव होतो. अपघात, गतिरोधक, ट्रकांची वर्दळ यांवर फक्त निवेदन जाते. ही विभागणी हेच गोव्यातल्या छोट्या स्थानिक संस्थांचे मोठे दुखणे आहे, असे आमचे मत आहे. जमिनीचा प्रत्येक निर्णय रस्त्याचाही निर्णय असतो. ज्या दिवशी जमिनीवर ठराव होतो त्याच दिवशी, त्याच कागदावर, मोजमापासह रस्त्याविषयी लिहिले गेले नाही, तर पुढे ते कोणीच लिहीत नाही. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही, असलेले कायदे पुरेसे आहेत.

आज जबाबदारी कशी वाटली गेली आहे ते पाहू. जमिनीचा विभाग, म्हणजे वसाहत, बागायत की शेती, हे 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली पणजीत ठरते. बिगरशेतीची सनद 1968 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली जिल्हाधिकारी देतात. बांधकाम परवाना 1994 च्या पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली पंचायत देते. डिचोली, साखळी, पेडणे या शहरांत तो नगरपालिका देते. तिळारीच्या लाभक्षेत्रातली जमीन असेल तर लाभक्षेत्र विकास कायद्याचे बंधन वेगळे. रस्ता बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. त्यावर कोणते वाहन केव्हा जाईल हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली ठरते, आणि त्या अधिसूचना जिल्हाधिकारी काढतात. प्रत्येक कार्यालय आपापला रकाना चोख भरते. नगररचना खाते 2010 च्या बांधकाम नियमनानुसार भूखंडाच्या तोंडाशी प्रवेशरस्ता किती रुंद आहे ते तपासते. तिथून मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेत मोरी किती अरुंद आहे, वळणावर दिसते का, आणि त्याच वाटेवर गेल्या पाच वर्षांत आणखी किती परवाने दिले गेले, हा प्रश्न कोणाच्याच नमुन्यात नाही. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. एकेका अर्जाने रस्ता बुडत नाही, बेरजेने बुडतो. आणि ती बेरीज करू शकणारी एकच संस्था आहे, ती म्हणजे पंचायत, कारण सगळे परवाने एकाच नोंदवहीत फक्त तिच्याकडेच असतात.

मोजमाप अवघड नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांनुसार एकेरी मार्गाची गाडीवाट 3.75 मीटर, मधल्या प्रकारची 5.5 मीटर, दुपदरी 7 मीटर. ट्रकची कायद्याने मान्य कमाल रुंदी सुमारे 2.6 मीटर. म्हणजे दोन ट्रक समोरासमोर आले तर त्यांनाच 5.2 मीटर लागतात, 5.5 मीटरच्या रस्त्यावर दोघांत आणि दोन्ही कडांना मिळून 30 सेंटिमीटर उरतात. त्यात पायी जाणारी शाळकरी मुले कुठे बसवायची? 3.75 मीटरच्या रस्त्यावर तर एका वाहनाला कडेच्या मातीत उतरावेच लागते, आणि पावसाळ्यात तिथे गटार असते. ज्या वाड्याचा रस्ता 3.75 मीटरचा आहे तिथे गोदाम मंजूर करताना एवढे तीन-चार आकडे ठरावात असले, तर पुढची चर्चा आवडी-निवडीची राहत नाही. 1963 साली ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांच्या गटाने ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ या अहवालात हेच सूत्र मांडले होते: रस्त्यावर किती गाड्या मावतात हा एक प्रश्न, रस्त्याकडेची वस्ती सुखाने राहावी यासाठी किती गाड्या चालतील हा दुसरा, आणि दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा लहान असते. साठ वर्षे झाली, तरी आपले अभियंते अजून पहिल्याच प्रश्नावर थांबतात.

डिचोली तालुक्याला हा धडा खाणींनी आधीच दिला आहे. 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांहून अधिक लोहखनिजाची निर्यात झाली, आणि त्यातला मोठा भाग बार्जवर चढण्याआधी ट्रकमधून वाड्यावाड्यांतून गेला. खाणपट्ट्याचा हिशेब हेक्टरांत आणि टनांत झाला. धूळ, अपघात आणि खचलेले रस्ते पट्ट्याबाहेरच्या लोकांनी सोसले. 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. पुढे 2018 मध्ये 88 पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली आणि 2022 च्या अखेरीस डिचोली-मुळगाव गटापासून नव्याने लिलाव सुरू झाले. या सगळ्या उलथापालथीत राज्याला टनांची मर्यादा मिळाली. गावच्या रस्त्याला तशी मर्यादा घालून देण्याचा प्रश्न मात्र लोकांनी ट्रक अडवल्यावरच पटलावर आला, दरवेळी नव्याने, दरवेळी तणावात. खाणकामाच्या बाजूने असलेला माणूसही हे मान्य करील की ट्रक अडवणे ही नियोजनाची पद्धत नव्हे.

2025 मध्ये याच त्रुटीची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली. 3 मे रोजी पहाटे शिरगावच्या लईराई जत्रेत उतारावरच्या अरुंद वाटेत चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. जत्रेतली दुकाने हा तात्पुरता का होईना जमिनीचाच वापर, आणि माणसांचा लोंढा ही वाहतूकच. दोन्हींचा एकत्र विचार आखणी करून, दोऱ्या बांधून, आधीच व्हायला हवा होता. डिसेंबरमध्ये हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत 25 जण गेले. अग्निशमन दलाच्या गाड्यांना अरुंद वाटेमुळे जागेपर्यंत पोहोचता आले नाही. पंचायतीने पाडण्याची नोटीस काढली होती आणि तिला वरच्या पातळीवर स्थगिती मिळाली होती, हेही नंतर पुढे आले. दोष कोणाचा ते चौकशी आणि न्यायालय ठरवील. आमच्या वाचकांनी, म्हणजे पंच, सचिव, नगरसेवक आणि कनिष्ठ अभियंत्यांनी, एवढेच विचारावे: बंबाची गाडी दारापर्यंत जाते का, हा प्रश्न परवान्याच्या कोणत्या कागदावर होता?

स्थगितीचा मुद्दा आला म्हणून ठरावाच्या भाषेकडे वळू. ग्रामसभेचे ठराव अनेकदा असे असतात: ‘सदर प्रकल्पास ग्रामस्थांचा तीव्र विरोध असून परवाना देऊ नये.’ भावना खरी असते, कागद दुबळा असतो. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगून ठेवले आहे की सरकारी आदेशाची वैधता त्या आदेशात नोंदवलेल्या कारणांवरूनच तपासली जाईल. नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत. पंचायतीचा वकील अपिलात उभा राहून मोरीची रुंदी सांगू लागला तर उशीर झालेला असतो. गप्प बसणे त्याहून वाईट. कलम 66 खाली 30 दिवसांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार उपसंचालकांकडे अपिलात जातो, आणि तिथेही मुदतीत निकाल न लागल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणजे ‘विषय पुढील बैठकीत घ्यावा’ हा ठराव प्रत्यक्षात मंजुरीचा ठराव होऊ शकतो. विरोधकांना खूश ठेवून अर्जदारालाही न दुखवण्याची ही युक्ती जुनी आहे; ती बंद व्हावी.

कारणांची ही अट पंचायतीलाच लागू आहे असे नाही. 2023 मध्ये नगर नियोजन कायद्यात घातलेल्या कलम 17(2) खाली प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाने एकेका भूखंडाचा विभाग बदलला जाऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 13 मार्च 2025 रोजी त्या कलमाचा अर्थ मर्यादित केला आणि त्याखालचे नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. संपूर्ण आराखड्याचा विचार बाजूला ठेवून सुटे सुटे तुकडे बदलत जाण्याला या निकालाने चाप बसला. जे सरकारला लागू तेच लाटंबार्सेला लागू. पण नुसता विरोधही पुरत नाही. 2007 मध्ये जनआंदोलनानंतर प्रादेशिक आराखडा 2011 मागे घेतला गेला, 2023 मध्ये पेडण्याचा विभागीकरण आराखडा लोकविरोधामुळे गुंडाळला गेला. दोन्ही वेळा लोक जिंकले, पण त्यानंतर गावाकडे काय उरले? मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमाने उडत आहेत, पेडणे आणि डिचोलीतल्या जमिनीला भाव आला आहे, आणि आराखडा नाकारल्यामुळे अर्ज यायचे थांबलेले नाहीत. नकाराने एक दिवस मिळतो. रोजचे अर्ज रोजच्या निकषांवरच निकाली काढावे लागतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो अधिकारांचा: वाहतूक जिल्हाधिकाऱ्यांची, पंचायतीने त्यात का पडावे? कायदा नीट वाचला तर वाट आहे. कलम 117 खाली वाहने उभी करण्याच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. तो आपणहून मागा. कलम 115 खालची बंदी एका महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्रातली अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. शाळा सुटण्याच्या वेळेत अवजड वाहने नकोत, असा महिनाभराचा प्रयोग जिल्हाधिकाऱ्यांकडे आकड्यांसह मागणे हे कोणत्याही पंचायतीच्या आवाक्यातले आहे. प्रयोग फसला तर महिन्याने संपतो, जमला तर कायमच्या अधिसूचनेला पुरावा तयार होतो.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. पंचायतीत सचिव एक, कारकून एक-दोन, अभियंता नाही. खरे आहे. पण मोजपट्टीने गाडीवाट मोजणे, आठवड्यातले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वाहने मोजणे, मोऱ्यांची आणि वळणांची यादी करणे हे पदवीचे काम नाही. गावातल्या उच्च माध्यमिकच्या मुलांकडून ते होते, आणि एकदा केलेली रस्ता-नोंद दोन वर्षे चालते. आमचा भर संगणकीय प्रतिरूपांवर नाही. उलट सल्लागार संस्थांचे जाडजूड वाहतूक अहवाल अनेकदा अर्जदारानेच पैसे देऊन बनवलेले असतात, हे लक्षात ठेवून त्यांच्यासमोर ठेवायला गावाकडे स्वतःची दोन पानांची नोंद असावी.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. हे निकष शेवटी कोणाला अडवतील? वडिलोपार्जित जमिनीवर चार खोल्या बांधणाऱ्या मुंडकाराला, ज्याच्याकडे वकील नाही, की बाहेरून येऊन डोंगर भूखंडांत कापणाऱ्याला? ‘रस्ता अरुंद’ हे कारण द्वेषापोटी किंवा लाच उकळण्यासाठी वापरता येणार नाही याची हमी काय? हमी कोणीच देणार नाही, पण धोका कमी करता येतो. एका कुटुंबाचे राहते घर, गोठा, काजूचे भांडार यांना ही नोंद लागूच करू नये. गोदाम, सभागृह, बार-रेस्टॉरंट, अनेक सदनिका आणि भूखंडपाडणी एवढ्यांपुरतीच ती असावी. निकष आधी ग्रामसभेत संमत होऊन फलकावर लागावेत, अर्ज आल्यावर शोधले जाऊ नयेत. आणि पंचायतीच्या एखाद्या पंचाचा स्वतःचा अर्ज असेल तर तोच नमुना, तेच आकडे. हा आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र आम्ही पूर्ण मान्य करतो: निकष फक्त विरोधासाठीच वापरला गेला तर तो लवकरच बदनाम होईल. रस्ता पुरेसा असेल तर परवानाही त्याच तत्परतेने, त्याच कारणांसह दिला पाहिजे.

‘मग रस्ताच रुंद करा’ हे उत्तर सहज सुचते. लाटंबार्सेसारख्या ठिकाणी रुंदीकरण म्हणजे भातशेतीचा बांध, काजूची रांग किंवा कोणाच्या तरी तुळशीवृंदावनाची जागा. रुंद रस्ता पुढच्या गोदामाला आमंत्रण देतो, आणि मग आणखी रुंदीची मागणी येते. काही ठिकाणी ते करावेच लागेल, मुख्यतः मोऱ्यांवर आणि दोडामार्गाकडच्या मुख्य रस्त्यावर. वाड्यातल्या रस्त्यांवर मात्र रुंदी ही गावाने ठरवलेली मर्यादा मानावी आणि वापर तिच्याशी जुळवावा.

पंचायत राज कायद्यानुसार ग्रामसभेच्या सर्वसाधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. रस्ता-नोंदीचा नमुना यांपैकी येत्या बैठकीत संमत करून घेता येईल: रस्त्याचे नाव व मालकी, सर्वांत अरुंद ठिकाणची रुंदी, मोरी व वळणे, शाळा-मंदिर-दवाखाना, बंबाची गाडी जाते का, आणि त्या रस्त्यावर पाच वर्षांत दिलेले परवाने. इतिवृत्ताची प्रत डिचोलीच्या नगररचना कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना आवक क्रमांक घेऊन द्यावी, कारण अपील झाले तर विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच असतो की ही नोंद अर्जाच्या आधीची आहे की नंतरची.