सनद युरोपला, प्रशिक्षण आपल्याला



आपल्या भल्यासाठी जगात किती संस्था झटताहेत हे कळले तर गावचा सरपंच चक्रावून जाईल. बार्सिलोनाला 'युनायटेड सिटीज अँड लोकल गव्हर्नमेंट्स' नावाचा महासंघ आहे. जुन्या संघटना एकत्र येऊन तो 2004 मध्ये उभा राहिला. लंडनला 1995 पासून राष्ट्रकुल देशांचा स्थानिक शासन मंच आहे. हॉलंडच्या नगरपालिकांच्या संघटनेने तर गरीब देशांत जाऊन 'क्षमता बांधणी' करण्यासाठी वेगळी शाखाच काढली आहे. बार्सिलोनावाल्यांचे मोठे मेळावे झाले पॅरिस, जेजू, मेक्सिको सिटी, रबात, बोगोटा, दरबान आणि देजॉन इथे. नावातच आधी शहरे आणि मग बाकीचे. ग्रामपंचायत त्या मांडवात पोचलीच तर देशपातळीवरच्या कुठल्या तरी संघटनेच्या खांद्यावर बसून.

संघटना करण्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आम्हीही तेच करतो. प्रश्न असा आहे की ही मंडळी मागतात काय, आणि कोणाकडे?

1913 साली बेल्जियममधल्या गेंट शहरात स्थानिक संस्थांचा पहिला जागतिक संघ झाला. त्याने 1985 मध्ये रिओ दि जानेरोला स्थानिक स्वराज्याचा जागतिक जाहीरनामा काढला. जाहीरनामा म्हणजे नुसता कागद. त्याच वर्षी युरोपच्या सरकारांनी मात्र आपल्यापुरती सनद केली आणि ती कराराच्या रूपात केली. युरोप परिषदेच्या सगळ्या 46 देशांनी ती आज स्वीकारलेली आहे. स्थानिक संस्थांना स्वतःचे पुरेसे उत्पन्न हवे, ते आपल्या मर्जीने खर्च करण्याची मुभा हवी, आणि त्यातला काही भाग तरी असा हवा की ज्या कराचा दर कायद्याच्या चौकटीत त्या संस्थेनेच ठरवावा, हे तिच्या नवव्या कलमात आहे. हीच गोष्ट साऱ्या जगासाठी करावी म्हणून संयुक्त राष्ट्रांत 1998 पासून मसुदा फिरला. 2001 पर्यंत तो बारगळला. विरोध करणाऱ्यांत अमेरिका होती तशी चीनही होती. एरवी या दोघांचे एकमत कशावर होते? 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने त्याऐवजी 'मार्गदर्शक तत्त्वे' मंजूर केली. पाळली तर पाळा, नाही तर राहू द्या.

म्हणजे हक्क मिळाला युरोपच्या गावाला. आपल्या वाट्याला आली कार्यशाळा.

कृषी पदवीला असताना आम्हाला विस्तार शिक्षणात 'प्रशिक्षण व भेट' योजना शिकवत. जागतिक बँकेच्या पैशातून ती देशभर राबवली गेली. ठरलेल्या वारी ग्रामसेवकाने ठरलेल्या शेतकऱ्याला भेटायचे आणि बीजप्रक्रिया, खताची मात्रा, दोन ओळींतले अंतर सांगायचे. सल्ला चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, पुष्कळदा तो चांगलाच होता. पण त्या सगळ्या योजनेत गृहीत एकच होते की शेतकरी अडाणी आहे म्हणून गरीब आहे. भाव कोण पाडतो, निर्यात कोण बंद करतो, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. आता सरपंचाचेही तेच चालले आहे. त्याला हिशेब ठेवायला शिकवा, आराखडा करायला शिकवा. तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे ते विचारू नका.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. तिथे 1997 मध्ये निवडून आलेल्या स्थानिक संस्थांची मुदत 2002 मध्ये संपली. पुढची निवडणूक 2017 मध्ये झाली. पंधरा वर्षे एकाही गावाला निवडून दिलेला प्रमुख नव्हता. या काळात गाव समित्यांचा महासंघ होता, जिल्हा समित्यांचा महासंघ होता, नगरपालिकांचा होता, आणि त्यांना परदेशी दात्यांचा आधारही होता. 2008 पासून परदेशी पैशाने स्थानिक शासनाचा मोठा कार्यक्रमही सुरू झाला. सही कोणाची? सरकारी सचिवाची. सोबतीला गावोगाव सर्वपक्षीय समित्या बसवल्या. खाबूगिरीच्या तक्रारी एवढ्या झाल्या की 2012 मध्ये त्या बरखास्त कराव्या लागल्या. दात्यांनी निवडणुकीची मागणी कधी केलीच नाही असे नाही. पण निवडणुकीवाचून पैसा थांबला नाही, आणि पैसा थांबत नाही म्हटल्यावर काठमांडूला घाई कशाची? शेवटी 2015 ची नवी घटना आली आणि तिने 753 स्थानिक सरकारे उभी केली. ती माओवादी युद्धातून, जनआंदोलनातून आणि मधेसच्या रक्तातून आली.

राष्ट्रकुलाचे पाहा. लंडनच्या मंचाने 2005 मध्ये अॅबर्डीनला स्थानिक लोकशाहीची तत्त्वे ठरवली आणि त्याच वर्षी माल्टात राष्ट्रप्रमुखांनी त्यांना मान्यता दिली. लोकांना आपले स्थानिक प्रतिनिधी निवडता यावेत, संस्थांना पुरेशी साधने मिळावीत, सगळे आहे त्यात. 1999 मध्ये इस्लामाबादेत लष्कराने सत्ता घेतली तेव्हा पाकिस्तानला राष्ट्रकुलाच्या बैठकांतून निलंबित केले होते. 2019 मध्ये त्याच देशातल्या पंजाब प्रांताने निवडून आलेल्या साऱ्या स्थानिक संस्था मुदतीआधी मोडल्या, तेव्हा पाकिस्तानची खुर्ची हलली नाही. 2021 मध्ये त्या पुन्हा उभ्या करा असे सांगितले ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने. श्रीलंकेने पैसे नाहीत म्हणून 2023 च्या स्थानिक निवडणुका थांबवल्या, त्या झाल्या मे 2025 मध्ये. तिथेही लोक न्यायालयातच गेले.

आणि आपला पुरोगामी महाराष्ट्र? मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचे 243-ई कलम सांगते. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि प्रशासक बसले. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद पुढे करून तीन वर्षे काढली. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून आदेश दिला, तर तीही मुदत पाळली गेली नाही. या काळात रस्ता कुठला करायचा आणि बंधारा कुठे बांधायचा हे एकाच साहेबाच्या सहीने ठरले. शेतकऱ्याने गाऱ्हाणे घेऊन जायचे कोणाकडे? बदली होऊन जाणाऱ्या माणसाला पुढच्या मतदानाची भीती नसते.

जिथे संघटनेला दात आहेत तिथे चित्र वेगळे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या घटनेने स्थानिक संस्थांच्या संघटनेला राष्ट्रीय संसदेच्या वरच्या सभागृहात दहा प्रतिनिधी पाठवण्याची तरतूद केली. त्यांना मत नाही, हे खरे. पण कायदा होताना ते समोर बसलेले असतात. फिलिपिन्समध्ये 1991 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना देशांतर्गत महसुलाचे 40 टक्के ठरवून दिले. सरकार आयात शुल्क मात्र त्यातून वगळत राहिले. बटांगास प्रांतातले पुढारी हर्मिलांडो मंडानास त्याविरुद्ध न्यायालयात गेले. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाटा सगळ्या राष्ट्रीय करांतून द्यावा लागेल. 2022 पासून तो वाढीव पैसा मिळू लागला. एवढे काम किती कार्यशाळांनी झाले असते?

आपल्या घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय लिहिलेले आहेत, आणि पहिलाच शेतीचा आहे. 1993 पासून ते तिथेच आहेत. किती विषय, किती माणसे आणि किती पैसे खाली उतरले, याचा हिशेब सरकारकडे मागायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे ठराव ठेवत आहे. निवडून आलेल्या संस्था नसताना ज्या सरकारने प्रशासकांकरवी कारभार केला, त्याच्या प्रतिनिधीला स्थानिक शासनाच्या नावाने कोणत्याही आंतरराष्ट्रीय मंचावर बसू देऊ नये, असे आपण लंडन आणि बार्सिलोना दोन्हीकडे लेखी कळवावे. सरपंचांच्या ज्या संघटना अशा मंचांच्या सभासद होऊ पाहतात त्यांना वर्गणी भरण्याआधी एवढेच विचारावे की मुदत संपल्यावर निवडणूक न घेणाऱ्या सरकारविरुद्ध न्यायालयात जायला तुमचा हा मंच वकिलाचा खर्च देईल काय? उत्तर लेखी मागावे. आणि प्रत्येक ग्रामसभेने 29 विषयांचा हिशेब माहितीच्या अधिकारात गटविकास अधिकाऱ्याकडे मागावा. अर्जाचा नमुना तालुका प्रमुखांकडे दिला आहे. आलेली उत्तरे पुढच्या बैठकीला घेऊन यावीत.