सुकाणू मुलांच्या हाती द्या

‘सुकाणू हाती घेणे’ याचा वाक्यात उपयोग आष्टीतली मुलं अचूक करतात. सुकाणू मात्र बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. समुद्र लांब, कबूल. पण अप्पर वर्धा धरण तर शेजारीच आहे!

माझं मत विचाराल तर थर्माकोलची होडी करायला लावा. मागे पत्र्याची पट्टी उभी खोचा, तिचं मागचं टोक डावीकडे वळवा नि हौदात ढकला. होडी डावीकडे जाते. पट्टी मध्यभागी लावली, तर फारशी वळत नाही. तरफ शिकवायला आणखी काय हवं? घरी बांधलेल्या कयाकलाही हाच नियम. तिथे आडव्या वाऱ्यात सरळ जायलाही सुकाणू लागतं. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हेही सांगा.

आणि पालकांनो, तयार होडी आणू नका. पट्टी केवढी कापायची ते पोरांनाच ठरवू द्या. फार मोठी झाली की होडी रखडते, हे हौदातच कळतं.